सहलीचा व्हिसा

अजहरच्या ऑफिसात भिंतीवर काब्याचा मोठा फोटो होता आणि त्याच्या शेजारी कुठल्याशा विमान कंपनीचं कॅलेंडर. त्या महिन्याच्या पानावर जिराफांचा कळप होता. महेजबीननं अम्मीला मुद्दाम काब्याकडे तोंड करून बसवलं, तरी अम्मीची नजर पुन्हा पुन्हा जिराफांकडे जात होती.

अमरावतीत मोठ्या चौकाच्या मागच्या गल्लीत हे ऑफिस. उमऱ्याला जाणारे, आखातात नोकरीला जाणारे असे शेकडो लोक अजहरनं इथून पाठवले होते. टांझानियाला मात्र अजून कोणी गेलं नव्हतं. त्यानं मुंबईला दोन फोन लावले, एका पाठकोऱ्या कागदावर काही लिहून घेतलं आणि मग समजावून सांगायला बसला. व्हिसा तीन प्रकारचा. एक धंद्याचा, त्याला तिथल्या कंपनीचं पत्र लागतं आणि जाणाऱ्याचा काहीतरी धंदा लागतो. दुसरा भेटीचा. तिथे राहणाऱ्या नातलगानं किंवा ओळखीच्या माणसानं बोलावणं धाडायचं, आणि तुम्ही परत निघेपर्यंत त्यानं तिथे हजर राहायचं. तिसरा सहलीचा. त्याला परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि कोणत्या दिवशी काय पाहणार याचा एक कागद, एवढंच.

"सहलीचाच टाका, बाजी," तो महेजबीनला म्हणाला. "पंधरा दिवसांत हातात येईल. शेर, हत्ती, जिराफ, सगळे हेच लिहितात."

अम्मीनं बुरख्याचा पदर सारखा केला.

"बेटा, मी सैर कराले नाही चालली."

अम्मीचं, म्हणजे हलीमाबीचं, माहेर दर्यापूरकडच्या एका खेड्यातलं. तिथे मुसलमानांची घरं पाचच होती, त्यामुळे तिचं लहानपण शेजारच्या कुणबिणींच्या अंगणात गेलं. एरवी ती उर्दूत बोले. पण एखाद्या गोष्टीवर अडून बसली की वऱ्हाडीवर येई, आणि मग तिला हलवणं अब्बांनाही जमत नसे.

"माह्या घरवाल्याची कबर आहे तिथं," ती म्हणाली. "आन् मी लिहू का, जिराफ पाहाले चालली म्हणून?"

अजहर थोडा वेळ पेनाच्या टोपणाची उघडझाप करत राहिला. "फॉर्मात कबरीचा रकाना नाही, खाला," तो शेवटी म्हणाला, आणि आपण फार कोरडं बोललो असं वाटून त्यानं चहा मागवला.

अब्बा, म्हणजे अब्दुल रहीम, जिनिंगचे फिटर होते. कापसातून सरकी वेगळी काढणारी ती यंत्रं त्यांना कानानं कळत. फाटकातून आत शिरतानाच कोणत्या यंत्राचा रोलर झिजलाय ते सांगत. पण त्या वर्षांत कापसाचे दिवस फिरले आणि अकोल्यातली जिनं एकेक करून बंद पडत गेली. ते ज्या जिनात तीस वर्षं होते, तिथली यंत्रं उखडून, पेट्यांत भरून जहाजानं आफ्रिकेला गेली. पुढच्याच वर्षी, म्हणजे दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात, ती यंत्रं ओळखणारा माणूस पाहिजे म्हणून तिथल्या मालकानं बोलावणं पाठवलं, आणि सत्तावन्नाव्या वर्षी अब्बांनी पहिल्यांदा पासपोर्ट काढला.

दीड वर्ष झालं नाही तोच ताप आला. तो मेंदूत गेला. अकोल्याला फोन आला त्याच्या आदल्या दिवशीच दफन उरकलं होतं. मयत पाठवायला दहा-बारा दिवस लागले असते. ते बरं दिसलं नसतं, असं तिथल्या मॅनेजरनं कळवलं. त्यात त्याचं काही चुकलं असंही कोणाला म्हणता येईना.

त्यांच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत. अब्बा अकोल्यात गेले असते तरी अम्मी दारातच थांबली असती. नातेवाइकांनी तिला हेच समजावलं, की तिथे काय आणि इथे काय, तुला कुठे जायचं होतं? नवरा गेल्यावर पाळायच्या इद्दतचे चार महिने दहा दिवस ती अकोल्याच्या घरात मागच्या खोलीत बसून राहिली. ते संपल्यावर महेजबीननं तिला अमरावतीला आपल्याकडे आणलं. पहिल्याच सकाळी चहाचा कप हातात धरून अम्मी म्हणाली, की माणसं माती देऊन घरी येतात तेव्हा त्यांच्या नखांत माती असते. बायका तांब्या घेऊन त्यांच्या हातांवर पाणी घालतात.

"तेवढ्यानं समजते का झालं म्हणून," ती म्हणाली. "माह्या दारात हात धुवाले कोणीच आलं नाही."

महेजबीन कॉलेजच्या ग्रंथालयात होती. चौदा वर्षं पुस्तकांत काढली होती, त्यांतली बरीचशी वाचलीही होती. पण या वाक्याला काय म्हणावं ते त्यांतल्या एकाही पुस्तकात तिला सापडलं नव्हतं. तिनं पासपोर्टचे फॉर्म आणले. अब्बा गेल्यापासून तिला कागदांचं बरं पडत होतं. कागदाला एक रकाना असतो, तो भरला की पुढचा. शिवाय कंपनीकडून जे काही पैसे आले होते, ते अम्मी या प्रवासाशिवाय दुसऱ्या कशाला लावू देत नव्हती.

राहिला भेटीचा व्हिसा, आणि त्यासाठी बोलावणारं माणूस. तिथे त्यांचं म्हणावं असं एकच माणूस होतं, तिवश्याचा नितेश. आयटीआय करून तो अब्बांच्या हाताखाली काम शिकला, त्यांच्याबरोबरच गेला, आणि दोघं एका खोलीत राहिले. अब्बांना तो चाचा म्हणे. मातीला जी नऊ माणसं होती, त्यांत अब्बांना जवळून ओळखणारा तोच. महेजबीननं फेब्रुवारीत त्याला फोन लावला. मे महिन्यात आम्ही यायचं म्हणतो, तू बोलावण्याचं पत्र देशील का, आणि तेव्हा तिथे असशील ना, असं विचारलं.

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. एवढ्या लांबून आवाज यायला वेळ लागतो, असं तिनं धरलं.

"असन ना, ताई," नितेश म्हणाला. "काऊन नाही असन."

पत्र तीन आठवड्यांनी आलं. कंपनीच्या कारकुनानं इंग्रजीत टाइप केलेलं, खाली नितेशची जपून केलेली सही. 'अर्जदाराशी नातं' या रकान्यात लिहिलं होतं, पुतण्या. महेजबीननं ते अम्मीला वाचून दाखवलं आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. जिराफांवरून उठून आलेली अम्मी आता काय म्हणेल, याची तिला धास्ती होती. अम्मी म्हणाली, बरोबर लिहिलं आहे पोरानं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात नितेशचे आईवडील, गोदाबाई आणि खुशालराव, आले. तिवश्याहून सकाळची एसटी धरून, कॉलनीत दोन ठिकाणी पत्ता विचारत. इद्दतमध्ये खुशालराव एकदा अकोल्याला येऊन बाहेर पुरुषांत बसून गेले होते. गोदाबाई मात्र पहिल्यांदाच येत होत्या. त्यांनी आत येताच हलीमाबीचे दोन्ही हात धरले आणि तशाच उभ्या राहिल्या. खुशालरावांनी संत्र्यांची पिशवी दाराशी ठेवली आणि खुर्चीच्या टोकाशी बसले.

बोलणं आधी अब्बांवर झालं. एकदा तिवश्याला जिनच्या दुरुस्तीला आले असताना त्यांनी गोदाबाईंची शिलाई मशीन कशी नुसत्या कंगव्याच्या दात्यानं नीट केली, ते गोदाबाईंनी सांगितलं. मग त्यांनी मांडीवरचं कापडी गाठोडं पुढे केलं. त्यात कुरड्या होत्या, तिखटाची पुडी होती, दोन बनियनी होत्या.

"तुमी मे मयन्यात चालल्या ना, भाबी. तर माह्या पोराले एवढं नेऊन देजा. पुतण्या लिहिलं म्हने त्यानं कागदात. तर मंग मी तुमची जाऊच झाली. जावेचं वझं न्याले कोणी नाही म्हनत नाही."

हलीमाबी हसली. पाच महिन्यांत महेजबीननं तिला हसताना पाहिलं नव्हतं.

महेजबीन गाठोडं घ्यायला पुढे झाली आणि बोलायचं म्हणून म्हणाली, की नितेशचं परत यायचं कधी आहे? गोदाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"तो तर मार्चाच्या आखरीले येनार होता," त्या म्हणाल्या. "करार सरला त्याचा. आता पुढच्या हंगामाची सई करून देतो म्हने, पार डिसेंबरलोक. चाचाच्या घरचे येऊन राहिले, मी नसलो तर त्यायले कोण नेईन, म्हने."

"राहू दे व," खुशालराव म्हणाले.

"राहूच देऊन राहिली ना. मी का अडवून राहिली?" गोदाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. आवाज चढला नाही. "भाबी, आमच्या गल्लीत एका साली दोन घरची पोरं औषध पिऊन गेली. नितेशच्या बरोबरीची. एक तर आमच्या ओट्यावर येऊन बसे. तवा मीच याले म्हटलं, दूर जा बाप्पा. कुठं बी जा, पन या वावराकडं पाहू नको. गेला. मले रातची झोप येऊ लागली. मंग तिकून भाईची खबर आली." त्या थांबल्या. "आता जवळ बी भेव वाटते आन् दूर बी भेव वाटते. पन तुमचं जानं मोठं आहे. तो राहीन. नऊ मयने का, जाते निघून."

महेजबीनला फोनमधली ती शांतता आठवली. ती अंतराची नव्हती. तिनं विचारलं होतं, असशील ना. करार कधी संपतो, हे विचारलं नव्हतं. आणि नितेश नाही म्हणू शकला नसता. ज्या खोलीत चाचांनी त्याला स्वतः रांधून घातलं, तिथून चाचांच्या घरच्यांना नाही कसं म्हणायचं? तिच्या हातातला तो एवढा खरा, एवढा नीट कागद एका बाईच्या नऊ महिन्यांवर उभा होता, आणि ती बाई समोर बसून तिखटाची पुडी देत होती.

हलीमाबीनं गाठोड्याची गाठ पुन्हा घट्ट बांधली आणि ते उचलून गोदाबाईंच्या मांडीवर ठेवलं.

"हे परत न्या, जाऊबाई. पोरगा घरी येऊनच खाईन."

"नाही, भाबी, मी त्यासाठी नाही आली—"

"मले माहीत आहे." हलीमाबी महेजबीनकडे वळली. "त्याले फोन लाव. सई करू नको म्हन. चाचीनं सांगतलं म्हन."

फोन लागला. यावेळी महेजबीननं ती शांतता ऐकली आणि ती संपायची वाट पाहिली. मग नितेश नुसतं "हो" म्हणाला. खुशालराव उठून खिडकीशी गेले आणि परत जायची एसटी कुठून मिळते, असं कोणाकडेही न बघता विचारत राहिले.

ते गेल्यावर महेजबीननं भेटीच्या व्हिसाचे कागद पाकिटात घातले. आता बोलावणारं कोणी नव्हतं. मॅनेजर देईल ते पत्र धंद्याचं असेल, त्यात कुठलातरी धंदा दाखवावा लागेल. आता एकच प्रकार उरला आणि तो अम्मीनं आधीच नाकारला होता. नाही तर जायचंच नाही. ती हे कसं सांगावं याच्या विचारात होती, तेवढ्यात स्वयंपाकघरातून अम्मीनं विचारलं, की अजहर म्हणत होता त्या कागदावर काय काय लिहावं लागतं? महेजबीन म्हणाली, तिथे काय पाहणार ते.

"अब्बाचं तळ्याचं पत्र काढ."

अब्बांची पत्रं उर्दूत असत, मोठ्या अक्षरांत, रेघ सोडून. त्यांत बहुतेक यंत्रांबद्दल असे. पण दोन हजार सहाच्या मे महिन्यातल्या एका पत्रात चार ओळी वेगळ्या होत्या. महेजबीननं त्या वाचल्या. 'इथून तीन तासांवर म्वांझा शहर आहे. तिथे एक तळं आहे. समुद्रच म्हणावा, पलीकडचा काठ दिसत नाही, पण पाणी गोडं. मी चाखून पाहिलं. पुढच्या साली मालक घरच्यांना आणायची परवानगी देतो म्हणाला आहे. तुला हे तळं दाखवायचं आहे.'

तेव्हा अम्मीनं या पत्राला उत्तर पाठवलं होतं, की तळी काय आपल्याकडे नाहीत? महेजबीननंच ते लिहून दिलं होतं.

अम्मी हात पुसत बाहेर आली.

"बोलावनं तर त्यायनं कवाच धाडलं होतं," ती म्हणाली. "तळं पाहाले. मंग ते पाहू. आधी तेच पाहू, दुसरं सगळं मागून. मंग लिहिलेलं खोटं कसं होईन?"

दुसऱ्या दिवशी अजहरनं फॉर्म पुढे ओढला. प्रवासाचा उद्देश, सहल. पहिला दिवस, तळं. त्याच्या मते नुसत्या तळ्यानं वकिलातीला समाधान वाटलं नसतं. त्यानं एखादं अभयारण्य घाला म्हणून सुचवलं. हलीमाबी म्हणाली, जे पाहणार नाही ते लिहू नको. दुसऱ्या दिवसापुढे काय लिहू, असं त्यानं विचारलं. ती थोडा वेळ कॅलेंडरकडे बघत होती. पान बदललं होतं, आता तिथे नुसता डोंगर होता.

"त्यायचं गाव पाहनार, लिही," ती म्हणाली.

अजहरनं तसंच लिहिलं, आणि सही घेण्यासाठी फॉर्म फिरवताना तो उभा राहिला.

नितेश मार्चच्या शेवटच्या दिवशी बडनेऱ्याला उतरला. आईवडील फलाटावर होते. घरी जायला पुढची गाडी होती, पण तो म्हणाला, आधी चाचीकडे. तिघं रिक्षानं आले. तो काळवंडला होता, केस बारीक कापलेले होते. दारात वाकून तो बूट काढू लागला, तेवढ्यात हलीमाबी आतून तांब्या घेऊन आली.

"हात पुढं कर, बेटा."

त्याला कळलं नाही. मग कळलं. त्यानं दोन्ही हात पुढे केले आणि ती पायरीवर उभी राहून हळूहळू पाणी घालू लागली. त्याचे हात स्वच्छच होते. मुंबईहून रात्रभराच्या प्रवासात जेवढे मळतील तेवढेच मळलेले. ती पाणी घालत राहिली, तांब्या रिकामा होईपर्यंत, आणि तो नखं चोळत राहिला. गोदाबाई टॉवेल घेऊन बाजूला उभ्या होत्या. महेजबीन आत गेली आणि पुस्तकांच्या कपाटासमोर थोडा वेळ उभी राहिली.

चहा घेताना नितेशनं वहीच्या पानावर नकाशा काढून दिला. रस्ता, जिनचं फाटक, मशीद, मागे कब्रस्तान. कबरीला लागून कडुनिंब होता. तिथे बी कडुनिंब आहे चाची, आपल्यासारखाच, तो म्हणाला. डोक्याशी त्यानं जिनच्या जुन्या यंत्राची लोखंडी पट्टी रोवली होती, अकोल्याहून गेलेल्याच एका यंत्राची. तिच्यावर छिन्नीनं नाव कोरलं होतं. उर्दू येत नव्हतं म्हणून मराठीत कोरलं, तेवढं चुकलं असेल तर माफ करा, असं तो म्हणाला. हलीमाबीनं विचारलं, की चाचा शेवटी काही बोलले का? नितेशनं सांगितलं, तापात फक्त पट्टा घसरला, पट्टा घसरला म्हणत होते. तिनं मान हलवली. त्यांचंच बोलणं ते, असं म्हणून ती उठली आणि त्याच्यासाठी पोळी टाकायला गेली.

मुंबईला वकिलातीच्या खिडकीत साहेबानं अम्मीकडे पाहून विचारलं, टूरिस्ट? ती म्हणाली, जी, तालाब देखना है. त्यानं शिक्का मारला.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, टोचून घेतलेल्या लशींचे पिवळे कागद पर्समध्ये जपत, दोघी म्वांझाला उतरल्या. कंपनीचा ड्रायव्हर नावाची पाटी घेऊन उभा होता. त्याला हिंदीतले थोडे शब्द येत होते. तो म्हणाला, साहेबांनी थेट तिकडे न्यायला सांगितलंय, ऊन उतरायच्या आत पोहोचू. महेजबीनला ते बरं वाटलं. इतके महिने ज्या एका जागेकडे ती कागदांच्या वाटेनं चालत आली होती, ती आता तीन तासांवर होती, आणि आणखी थांबणं तिला झेपण्यासारखं नव्हतं. अम्मीचं वचन ती विसरली नव्हती, पण इथे कोण बघायला येणार होतं?

"पयले तळं," हलीमाबी म्हणाली. ड्रायव्हरला काही समजलं नाही. तिनं हातानं पाण्याची लाट करून दाखवली.

गाडी वळली. मोठमोठे काळे खडक पाण्यात उभे होते आणि त्यांच्या पलीकडे, अब्बांनी लिहिलं होतं तसं, दुसरा काठ नव्हताच. कोळ्यांच्या होड्या, वाळत घातलेले बारीक चकचकीत मासे, उघडी पोरं. दोन बायका पाण्यात उभ्या राहून भांडी घासत होत्या. त्यांनी बुरख्यातल्या या बाईकडे बघून काहीतरी म्हटलं आणि बाजूला सरून जागा केली.

अम्मीनं चपला काढून हातात घेतल्या. त्या महेजबीनकडे दिल्या. मग घोट्याएवढ्या पाण्यात जाऊन ती खाली वाकली, ओंजळभर पाणी घेतलं आणि त्यातलं थोडं तोंडात घेतलं. बराच वेळ ती पलीकडे पाहत होती. महेजबीनही पाहत होती. ड्रायव्हरनं गाडीतूनच घड्याळ बघितलं.

"गोडंच आहे," अम्मी म्हणाली. उरलेलं पाणी तिनं तळ्यात सोडलं, हात बुरख्याला न पुसता तसेच ओले ठेवले, आणि बाहेर आली. "चाल आता."